शाळाच कोपीच्या दारी
(साहाय्यकांच्या मेळाव्यातील भाषण)



दसरा-दिवाळीच्या सुमारास कराड, वाळवा, पलूसच्या शिवारात उसाच्या फडांजवळ कोप्या उभ्या राहतात. बीडकडून आणि नंदुरबारच्या भिल्ल पाड्यांवरूनही माणसे तोडीला येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायकोने मिळून फेडायची. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. पहाटे आईबाप फडात जातात. तीन वर्षांचे मूल कोपीपाशी राहते, आणि त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. म्हणजे धाकट्याची अंगणवाडी बुडते आणि थोरलीची शाळाही.

ही अडचण जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडला आदिवासींमध्ये गेले. तिथली मुले कुणी गुरे राखत, कुणी धाकट्यांना सांभाळत. ती शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून बायांनी शाळाच त्यांच्या अंगणात आणि कुरणात नेली. शिंपले, बिया, पाने, खडे हीच शिकण्याची साधने झाली.

१९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. सहा वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीतून पूरक आहार, लसीकरण मिळते; तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण. पण नाव गावाकडे आणि मूल फडावर, अशी गत झाली की घास आणि धडा दोन्ही चुकतात.

म्हणून मी तुमच्याकडे पैशांआधी वेळ मागतो. हंगाम सुरू होताच आपल्या गावाजवळच्या कोप्यांवर जा. कोणती मुले आली आहेत ते पाहा. त्यांच्या आईबापांना सोबत घेऊन जवळच्या अंगणवाडी सेविकेला भेटा. अंगणवाडी लांब असेल, तर कोपीजवळच सावलीत रोज दोन-तीन तास बालवाडी भरवू. चिंचोके मोजू, गाणी म्हणू, गोष्टी सांगू. मूल घरी भिली किंवा पावरी बोलत असेल, तर त्याचे शब्द आधी आपण शिकू. देणगीतून खिचडी, पाटी-खडू आणि ताईचे मानधन भागेल.

धाकटे बालवाडीत बसले की थोरलीची कंबर मोकळी होते आणि तिच्या हाती पुन्हा दप्तर येते. चैत्रापर्यंत फड संपतात, कोप्या मोडतात. आपल्याकडे तेवढेच महिने आहेत.