कांद्याचा पापुद्रा आणि विद्यार्थ्याची वही

(शिक्षकांच्या विज्ञान-शिबिरात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वरच्या वर्गांतील विज्ञानाच्या वह्या पाहताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. विद्यार्थ्याने कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असतो; परंतु त्याच्या आकृतीत हिरवे ठिपके असतात, तंतुकणिकाही असतात. वास्तविक कांद्याच्या त्या पापुद्र्यात हरितलवके नसतात आणि आपल्या शाळांतील सूक्ष्मदर्शकातून तंतुकणिका सहसा दिसत नाहीत. मग त्या वहीत आल्या कोठून? पुस्तकातील आकृतीतून. आणि आपण त्या आकृतीस पूर्ण गुण देतो! डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा छापलेले अधिक खरे, असा धडा विद्यार्थी आपल्याच हातून घेतो. एखादे नाव विसरले तर पुन्हा सांगता येते. हे वळण मात्र सहजी सुटत नाही.

रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाचा पातळ काप पाहिला, तेव्हा त्यास केवळ रिकामे कप्पे दिसले. त्याने तेच रेखाटले. पेशीतील केंद्रकास नाव मिळाले ते रॉबर्ट ब्राउन याच्याकडून, १८३१ साली. मधल्या १६६ वर्षांत सूक्ष्मदर्शकातून पाहणारे थोडे का होते? तेव्हा आपल्या विद्यार्थ्यास पहिल्या दिवशी केंद्रक सापडले नाही, तर त्याची आकृती अपुरी असेल, खोटी नव्हे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कांद्याची मांसल पाकळी मोडून तिच्या आतल्या, खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने ओढावा. तो पाण्याच्या थेंबात, घडी न पडता, काचपट्टीवर पसरावा. वर आयोडीनच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाकावा. आच्छादन काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणावी. एकदम टाकल्यास हवेचे बुडबुडे अडकतात. ठळक काळ्या कडेच्या त्या गोल बुडबुड्यालाच पुष्कळ मुले पेशी समजतात. त्यांना रागावू नये. दुसरी काचपट्टी मुद्दाम बुडबुडे ठेवून तयार करावी व दोन्ही शेजारी दाखवाव्यात. फरक मुले स्वतःच सांगतील.

एकच सूक्ष्मदर्शक आणि तीस विद्यार्थी, ही अडचण खरी आहे. प्रत्येकाने पाहून जागेवर जावे, कोणाशी न बोलता आकृती काढावी, आणि सर्वांचे झाल्यावरच चर्चा व्हावी. पेशीभित्तिका, केंद्रक ही नावे आपण फळ्यावर लिहावयाची ती चर्चेनंतर. नावे आधी दिली की मुले तीच शोधू लागतात. सुमारे १४० पट मोठे दाखवणारा कागदी फोल्डस्कोप असेल, तर एक गट त्यावर बसवावा.

यापुढची कृती माझ्या विशेष आवडीची आहे. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा घ्यावा. त्यास रंग देण्याची गरज नाही. आच्छादन काचेच्या एका कडेस वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून केलेल्या द्रावणाचा थेंब ठेवावा व दुसऱ्या कडेस टिपकागद लावावा. काही मिनिटांत प्रत्येक पेशीतील जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आत आक्रसू लागतो. याच रीतीने लगेच साधे पाणी आत ओढले, तर तो बहुधा पुन्हा पसरतो. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी का सुटते, हे त्या वेळी विचारावे. घरी लोणचे घालताना पाहिलेली मुलगी परासरणाचे उत्तर निम्मे तरी देईल.

हरितलवके पाहावयाची असतील, तर तळ्यातील हायड्रिलाचे कोवळे पान आणावे. ते दोनच पेशीथरांचे असल्याने काप घ्यावा लागत नाही. उजेडात जरा वेळ ठेवून पाहिल्यास हिरवे कण पेशीच्या कडेने सरकताना दिसू शकतात. थर्मोकोलच्या विकतच्या प्रतिकृतीत हे कसे दिसणार? पालकांस त्या खर्चात पाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील केंद्र-बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील कांद्याच्या पापुद्र्याच्या पाच आकृत्या आणाव्यात. निवडक सुबक नकोत. जशा निघाल्या तशा, बुडबुड्यांसकट, आणि त्यांवर लाल शाई न फिरवता.