आळशी डोळा

सुईंत दोरा ओंवण्याचें काम घरोघर चालतें. तें एकदां एक डोळा मिटून, हात लांब धरून करून पाहावें. दोरा कधीं नेढ्याच्या अलीकडे राहतो, कधीं पलीकडे जातो. सुई तीच, हात तोच; उणा झाला तो केवळ एक डोळा. दोन बाहुल्यांमध्यें सुमारें अडीच इंचांचें अंतर असल्यामुळें प्रत्येक डोळ्यास किंचित् निराळें चित्र दिसतें. मेंदू तीं दोन चित्रें एकत्र करतो आणि त्यांतील फरकावरून जवळचें कोणतें व दूरचें कोणतें हें ओळखतो.

याकरितां दोन्ही डोळे एकाच वस्तूवर रोंखलेले असावे लागतात. प्रत्येक डोळा हालविण्यास सहा स्नायू आहेत. त्यांचा मेळ बिघडला, म्हणजे एक डोळा फळ्याकडे तर दुसरा खिडकीकडे अशी स्थिति होते. प्रौढ माणसास अशा वेळीं एकाचे दोन दिसतात. बालकाचा मेंदू मात्र लवचिक असतो. तो गोंधळ टाळण्यासाठीं एका चित्राकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. ज्या विद्यार्थ्यास गुरुजी कधींच प्रश्न विचारीत नाहींत, तो हळूहळू वर्गांत असून नसल्यासारखा होतो. पुष्कळदां त्या डोळ्याची गत तशीच होते. यासच आळशी डोळा म्हणतात. नांव थोडें अन्यायाचें आहे. डोळा आळशी नसतो, त्याला काम मिळालेलें नसतें. कित्येकदां तिरळेपणा मुळींच नसतो. एका डोळ्यास चष्म्याचा मोठा नंबर असतो इतकेंच. तेव्हां तर घरांत कोणास संशयही येत नाहीं, आणि मूल तक्रार करीत नाहीं, कारण दुसऱ्या डोळ्यानें त्याचें सारें निभावतें.

उपाय जुना आहे. फ्रान्समधील निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यानें १७४३ सालीं सुचविलें कीं, चांगला डोळा झांकावा, म्हणजे दुसऱ्यास पाहणें भाग पडेल. पुढें २६ ऑक्टोबर १८३९ रोजीं बर्लिन येथें डीफेनबाख या शस्त्रवैद्यानें सात वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याचा नाकाकडील स्नायू कापून तिरळा डोळा सरळ केला. ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया जाहीरपणें करून दाखविली गेली ती १८४६ सालीं. यावरून त्या बालकाच्या धैर्याची कल्पना यावी. आज ही शस्त्रक्रिया मुलांवर पूर्ण भूल देऊन होते. डोळा बाहेर काढतात ही समजूत निराधार आहे. बुबुळास हात न लावतां, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील स्नायू सोडवून किंचित् मागें शिवतात, अथवा आंखूड करतात. कधीं ती दुसऱ्यांदाही करावी लागते.

परंतु डोळा सरळ दिसूं लागला म्हणजे तो पाहूं लागला असें नव्हे. येथेंच अनेक आईबाप फसतात. अमेरिकेंतील सूझन बॅरी या मज्जाशास्त्राच्या प्राध्यापिकेचें उदाहरण बोलकें आहे. तिरळेपणासाठीं दोन, तीन व सात वर्षांच्या वयांत तिच्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. डोळे सरळ दिसूं लागले, आणि प्रत्येक डोळा वेगवेगळा उत्तम पाहत असे. मात्र मेंदू एका वेळीं एकाच डोळ्याचें ऐके. आपणांस खोली दिसत नाहीं, हें तिला महाविद्यालयांतील एका व्याख्यानांत प्रथम उमगलें. अखेर वयाच्या ४८ व्या वर्षीं तिनें दोन्ही डोळे एकत्र वापरण्याचा अभ्यास आरंभिला. दोरींत ओंवलेल्या मण्यांवर दृष्टि खिळवावयाची, असा तो साधा अभ्यास होता. एके दिवशीं ती मोटारींत बसली, तों समोरचें स्टिअरिंगचें चाक तिला पुढें तरंगतांना दिसलें. पुढें हिमवृष्टींत उभी असतां प्रत्येक हिमकण आपापल्या जागीं पडत असल्याचें तिनें पाहिलें. २००९ सालीं तिनें ही हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली.

असें असलें तरी उशीर करणें हिताचें नाहीं. ह्यूबल आणि वीझल या शास्त्रज्ञांनीं १९६० नंतरच्या दशकांत मांजरीच्या पिलांचा एक डोळा कांहीं काळ बंद ठेविला. पुढें तो उघडला तरी मेंदू त्याला दाद देईना. मोठ्या मांजरांस मात्र असा अपाय झाला नाहीं. पाहणें शिकण्यास बालवय हाच काळ आहे, हें यावरून दिसलें. १९८१ सालीं त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. मुलांवरील उपचारही सात वर्षांच्या आंत अधिक फळ देतात, यद्यपि त्यानंतर आशा संपते असें नाहीं. प्रथम चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, असा क्रम असतो. दोष मध्यम असेल तर रोज दोन तास पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असें २००३ सालीं अमेरिकेंत दिसून आलें. पट्टी मात्र नेत्रवैद्याच्या सल्ल्यानेंच बांधावी, नाहींतर चांगला डोळाही दुबळा होण्याचें भय असतें.

आपल्याकडे किंचित् तिरळें मूल भाग्यवान् समजण्याची रीत कोठें कोठें आहे. त्या कौतुकांत अमोल वर्षें निघून जातात. पुढें शाळेंत तेंच मूल ‘चकणा’ या हांकेनें खालीं मान घालावयास शिकतें. प्रौढपणींही शस्त्रक्रिया करून घेतां येते, आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतां येऊं लागणें हा लाभ कांहीं लहान नव्हे. पण गेलेली दृष्टि त्या वेळीं परत मिळेलच असें नाहीं.

म्हणून चार महिन्यांच्या वयानंतरही बाळाचा डोळा फिरतांना दिसला, तर तें नेत्रवैद्यास दाखवावें. खेळतां खेळतां मुलाचा एक एक डोळा तळहातानें झांकून पाहावा. एक झांकला असतां तें हंसतें आणि दुसरा झांकला असतां हात दूर लोटतें, तर तो हट्ट समजूं नये. जें मुलाला सांगतां येत नाहीं, तेंच तें त्या लहानशा हातानें सांगत असतें.