पारख कोणाच्या पैशानें?

बाजारांत मडकें घ्यावयास गेलेली गृहिणी त्यावर बोटाच्या पेरानें टिचकी मारते आणि आवाज खणखणीत आला तरच पैसे देते. तांदूळ ती तळहातावर घेऊन पाहते, नारळ कानाशीं हालवते, आंबा हुंगते. ही पारख आईकडून मुलीकडे पिढ्यान्‌पिढ्या येत गेली. तिला प्रयोगशाळा लागली नाहीं. परंतु विजेची इस्त्री, फ्रिज, कपडे धुण्याचें यंत्र यांच्यापुढें हें शहाणपण थिटें पडतें. पत्र्याच्या आंत काय दडलें आहे तें टिचकीनें कळत नाहीं. मग घरांतील मंडळी चार ठिकाणीं चौकशी करतात. आतां तर इंटरनेटवर हजारों अभिप्राय बसल्या जागीं वाचावयास मिळतात. यांतील प्रत्येक अभिप्रायाबद्दल एक प्रश्न विचारावयास हवा आणि तोच सहसा विचारला जात नाहीं: अभिप्राय देणाऱ्याचें पोट कोणाच्या पैशावर चालतें?

अमेरिकेंत या प्रश्नाचा विचार जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीं सुरू झाला. स्टुअर्ट चेस आणि फ्रेडरिक श्लिंक या दोघांनीं १९२७ सालीं ‘युवर मनीज वर्थ’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. श्लिंक हे इंजिनियर. सरकारच्या ‘नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स’ या संस्थेंत त्यांनीं काम केलेलें होतें. सरकार आपल्या कचेऱ्यांसाठीं माल घेतांना तो आधीं तपासून घेतें. मग सामान्य गिऱ्हाइकानेंच तेवढें जाहिरातीवर विसंबून कां राहावें, असा त्यांचा साधा सवाल होता. लोकांना तो पटला. १९२९ सालीं ‘कन्झ्यूमर्स रिसर्च’ ही वस्तूंची पारख करणारी संस्था उभी राहिली.

पुढें जें घडलें तें मोठें विलक्षण आहे. कारखानदारांच्या लबाडीवर कोरडे ओढणाऱ्या या संस्थेंतील नोकरांनीं १९३५ सालीं स्वतःचा संघ काढला, तेव्हां चालकांनीं त्यांतील तिघांना कामावरून काढून टाकलें! संप झाला. संपावर गेलेल्या मंडळींनीं १९३६ सालीं ‘कन्झ्यूमर्स युनियन’ ही निराळी संस्था स्थापिली. आर्थर कॅलेट हे तिचे संचालक आणि अॅम्हर्स्ट कॉलेजांतील अर्थशास्त्राचे अध्यापक कोल्स्टन वॉर्न हे अध्यक्ष झाले. मे १९३६ मध्यें तिच्या मासिकाचा पहिला अंक निघाला. तेंच आजचें ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’. हातीं पैसा नव्हता, तेव्हां मोटारगाड्या विकत घेऊन तपासण्याची गोष्टच नको. दूध, साबण, न्याहारीचें धान्य, बायकांचे पायमोजे असल्या स्वस्त वस्तूंपासून आरंभ करावा लागला. या मासिकाच्या जाहिराती छापावयास अनेक वृत्तपत्रांनीं नकार दिला. साबणवाल्यांच्या जाहिरातींवर जगणाऱ्या वृत्तपत्रानें साबणाची परीक्षा करणाराला जागा द्यावी तरी कशी?

या संस्थेनें प्रथमपासून कांहीं बंधनें स्वतःवर घालून घेतलीं. मासिकांत कोणत्याहि मालाची जाहिरात नाहीं. कारखानदारानें फुकट पाठविलेला नमुना परीक्षेसाठीं घ्यावयाचा नाहीं. संस्थेचा माणूस आपली ओळख न देतां सामान्य गिऱ्हाइकासारखा दुकानांत जाणार, फळीवरची वस्तु उचलणार आणि पुरे पैसे मोजणार. या दुसऱ्या नियमाचें मर्म शाळेशीं संबंध असलेल्या कोणासहि चटकन्‌ उमगेल. तपासनीस येणार असें कळलें म्हणजे आदल्या दिवशीं वर्ग झाडून घेतला जातो, भिंतीवर नकाशे चढतात आणि हुशार मुलें पुढच्या बांकावर येऊन बसतात. तपासनीस जो वर्ग पाहून जातो तो वर्षाचे इतर दिवस अस्तित्वांतच नसतो. कारखान्यानें निवडून पाठविलेला नमुना हा असा पुढच्या बांकावरचा विद्यार्थी होय.

तिसरें बंधन अधिक सूक्ष्म होतें. एखाद्या मालाला संस्थेनें उत्तम ठरविलें तरी त्या कारखानदारास आपल्या जाहिरातींत संस्थेचें नांव वापरण्याची अनेक वर्षें मनाई होती. वरवर पाहतां हा कंजूषपणा वाटेल. खऱ्या स्तुतीची वाच्यता झाली तर बिघडलें कुठें? परंतु स्तुतीला बाजारांत भाव आला कीं ती विकत मागणारेहि येतात, आणि आज मानानें मागणारा उद्यां थैली घेऊन येतो.

इतकें सोवळें पाळल्यावर खर्च कोणीं भरावयाचा? तो वाचकांच्या वर्गणींतून भरावयाचा, हें या संस्थेचें मूळचें उत्तर. ज्याला सत्य हवें त्यानेंच त्याची किंमत द्यावी. उत्तर सोपें दिसतें, पण सत्याची किंमत वर्गणीवरच संपत नाहीं, हें एका खटल्यावरून दिसून आलें. मे १९७० च्या अंकांत बोस कंपनीच्या ‘९०१’ या ध्वनिक्षेपकाचें परीक्षण छापून आलें. त्यांत असें म्हटलें होतें, कीं या यंत्रांतून ऐकतांना वाद्यांचे स्वर खोलीभर भटकल्यासारखे वाटतात. कंपनीनें फिर्याद केली. स्वर भटकतात, पण ते दोन यंत्रांमधल्या भिंतीच्या कडेनें. खोलीभर नव्हे, असें खालच्या न्यायाधीशांनीं ठरविलें आणि संस्थेला एक लाख डॉलरांहून अधिक भरपाई देण्यास सांगितलें. ‘भिंतीलगत’ कीं ‘खोलीभर’! एवढ्या शब्दावर वाद चालत चालत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला. ३० एप्रिल १९८४ रोजीं तेथें संस्थेच्या बाजूनें निकाल झाला. शब्द चुकीचा निवडला म्हणजे जाणूनबुजून खोटें लिहिलें असें होत नाहीं, असा त्याचा आशय. परीक्षण छापल्यापासून तोंवर चौदा वर्षें लोटलीं होतीं. वकिलांचा एवढा खर्च झेपणारा कारखानदार पुष्कळ सांपडतील. झेपणारा परीक्षक विरळा.

शब्दाच्या चुकीहून निराळी अशी खरी चूकहि या संस्थेच्या हातून घडली. जानेवारी २००७ मध्यें, मोटारींत तान्ह्या मुलांना बसविण्याचीं बहुतेक आसनें धडकेच्या परीक्षेंत नापास झाल्याचें तिनें जाहीर केलें. आईबापांची झोंप उडाली. लवकरच सरकारी वाहतूक-सुरक्षा खात्याला आढळून आलें, कीं बाजूनें बसणारी धडक ताशीं ३८ मैल वेगाची म्हणून सांगितली होती, ती प्रत्यक्षांत सुमारें ७० मैलांच्या धडकेइतकी जबर होती. परीक्षा बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करवून घेतली होती. ही सबब पुढें करून वेळ मारून नेतां आली असती. दोन आठवड्यांच्या आंत संस्थेनें तो अहवाल मागें घेतला. आसनें करणाऱ्यांकडून एक डॉलरहि घेतलेला नसल्यामुळें चूक ही चूकच मानली गेली. तिच्यामागें लांच असेल अशी शंका घेण्यास जागा उरली नाहीं.

हें लोण इतरत्रहि पसरलें. मायकेल यंग यांच्या प्रेरणेनें १९५७ सालीं लंडनच्या बेथनल ग्रीन भागांतील एका गॅरेजांतून ‘विच?’ हें नियतकालिक निघालें. त्याच्या पहिल्याच अंकांत विजेच्या किटल्यांची परीक्षा होती. मुंबईंत १९६६ सालीं ‘कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली, अहमदाबादेस १९७८ सालीं ग्राहक शिक्षण व संशोधनाचें केंद्र निघालें. त्यांचें काम मोलाचें आहे. परंतु आपल्या समाजाला वस्तूसाठीं पैसे मोजण्याची संवय आहे, माहितीसाठीं नाहीं. चाळीस हजारांचा फ्रिज घेणारें घर त्याच्या परीक्षेसाठीं चारशे रुपये देतांना दहादां विचार करतें.

आणि माहिती फुकट हवी म्हटली कीं तिचा खर्च विकणाऱ्याच्या खिशांतून निघतो. इंटरनेटवर परीक्षणें छापणाऱ्या पुष्कळ मंडळींची रीत अशी आहे: परीक्षणाखालीं दुकानाचा दुवा द्यावयाचा, वाचकानें त्या वाटेनें जाऊन खरेदी केली कीं दुकानदारानें दलाली पाठवावयाची. २०११ सालीं निघालेलें ‘वायरकटर’ या रीतीनेंच वाढलें आणि २०१६ सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें तें विकत घेतलें. अशा धंद्यांत प्रामाणिक माणसें नाहींत असें मुळींच नाहीं. दलालीची कबुली जीं स्थळें पहिल्या ओळींतच देतात, त्यांना निदान लपवाछपवीचा दोष लागत नाहीं. पण ‘जुनेंच दुरुस्त करून वापरा’ किंवा ‘यांपैकीं एकहि घेऊं नका’ या सल्ल्यावर दलाली मिळत नाहीं, आणि कित्येकदां गिऱ्हाइकाच्या हिताचा सल्ला तोच असतो. निव्वळ खोट्या अभिप्रायांविरुद्ध कांहीं उपाय झाले आहेत: भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं त्यासाठीं मानक ठरविलें, अमेरिकेंत २०२४ सालीं दंडाचा नियम आला. परंतु हे उपाय लबाडापुरते आहेत. सज्जन परीक्षकाच्या जेवणाची सोय ते करीत नाहींत.

खुद्द ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’च्या संकेतस्थळावरहि आतां दुकानांचे दुवे दिसतात आणि त्या वाटेनें झालेल्या खरेदीवर संस्थेला वाटा मिळूं शकतो. ही रक्कम संस्थेच्या लोकहिताच्या कामींच लावली जाते, अशी सूचना तेथें दिलेली असते. कारखानदाराची जाहिरात मात्र अजूनहि घेतली जात नाहीं.