नाचताना डोळे का भरतात?



‘ड्रम अँड बेस’ हे १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये रुजलेलं संगीत. ड्रम मिनिटाला साधारण १७० ठोक्यांनी धावतात, खालचा बेस मात्र बहुधा निम्म्या गतीनं चालतो. म्हणून पाय नाचतात आणि मन मागे रेंगाळतं. त्यातला सर्वांत गाजलेला ठेका १९६९च्या एका अमेरिकी रेकॉर्डवरचा. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ साली बेघर अवस्थेत वारला. त्या ठेक्याचा मोबदला त्याला मिळाला नाही.

आपल्या किहीमला हे नवं नाही. विसर्जनाला ताशा कडाडतो, ढोल संथ घुमतो आणि नाचणाऱ्यांचेच डोळे भरतात.

आपल्यातले काही सोबती आज नाहीत. संध्याकाळी त्यांच्याही वाटचं नाचू या.