वकिलीची तयारी: दोन भाषांत

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)



बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला नाही, म्हणून बी.ए. किंवा बी.कॉम.ला नाव घातले. पदवी झाली की एलएल.बी. करायचे, असे ठरवलेली मुले-मुली पुण्यात पुष्कळ आहेत. पदवीची तीन वर्षे म्हणजे नुसता मधला काळ, खरा अभ्यास पुढेच, असे त्यांच्या मनात असते. पाच वर्षांत होणाऱ्या कामाला सहा वर्षे लागणार, ही पालकांची खंत वेगळीच. एक वर्ष जास्त जाते, हे खरे आहे. पण या तीन वर्षांत एक अशी तयारी होऊ शकते, जी पुढे लॉ कॉलेजात करायला सवड मिळत नाही. तेवढ्याबद्दलच आज बोलतो.

पुण्यातलेच उदाहरण घेऊ. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात दोन वर्षे काढून ते १९२० साली डेक्कन कॉलेजात आले. तेव्हा तिथे पदवीचे वर्ग भरत. संशोधन संस्था हे त्याचे रूप १९३९ पासूनचे. १९२४ साली ते एम.ए. झाले. त्याच वर्षी इंडियन लॉ सोसायटीने पुण्यात लॉ कॉलेज सुरू केले, ज्याच्यावरून पुढे लॉ कॉलेज रोड हे नाव रूढ झाले. तिथून १९२६ साली ते एलएल.बी. झाले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९४५ साली ते तिथेच न्यायमूर्ती झाले आणि १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते.

त्यांच्या घरी संस्कृत विद्येची परंपरा होती. त्या काळी हिंदू कायदा आजच्यासारखा कलमांत बांधलेला नव्हता. दत्तक, वारसा, वाटणी यांचे वाद शेवटी एखाद्या संस्कृत वचनाच्या अर्थावर येऊन ठेपत. इंग्रजी भाषांतरावर काम भागवणारे वकील होतेच. गजेंद्रगडकर मूळ ग्रंथ वाचू शकत होते. 'दत्तकमीमांसा' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली. कॉलेजातले संस्कृत कोर्टात असे उपयोगी पडले.

आज ही जागा संस्कृतची राहिलेली नाही. ती मराठीची आहे, आणि हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मात्र १९९८ च्या शासकीय अधिसूचनेने मराठी ठरवली आहे. व्यवहारात तिथे इंग्रजीही चालते, पण साक्षीदार बोलतो मराठीत, आणि कागद असतात मराठी. सातबारा, फेरफार, खरेदीखत, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र. जुन्या वाड्याचा किंवा जमिनीचा दावा असेल, तर एखादे बाड मोडीतही निघते. नव्या ज्युनिअरच्या हातात पहिल्या काही आठवड्यांतच असा गठ्ठा येतो आणि सांगितले जाते, 'यावरून तारीखवार टिपण कर.'

इथे दोन प्रकारची मुले अडतात. इंग्रजी माध्यमातली मुलगी भाषण फर्डे करते, पण 'कैफियत' म्हणजे तक्रार असे समजते. कोर्टात कैफियत म्हणजे प्रतिवादीने दाव्याला दिलेले लेखी उत्तर. मराठी माध्यमातल्या मुलाला फेरफाराची नोंद सहज कळते, पण इंग्रजी निकालपत्राचे पाच ओळींचे एक वाक्य आले की तो गाइड शोधतो. माझ्या मते दुसऱ्याची अडचण लवकर सुटते, कारण ती त्याला माहीत असते. पहिलीला आपली अडचण ठाऊकच नसते!

प्रवेशाचे थोडक्यात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गाला पदवीला किमान ४५ टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. २०१६ पासून राज्याची सीईटी द्यावी लागते. तिच्यात कायद्याचा कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी एवढेच येते. नेमाने वृत्तपत्र वाचणाऱ्याला काही महिन्यांची तयारी पुरते. तीन वर्षे क्लास लावण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

तो वेळ वाचनाला द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांची मराठी भाषांतरे आता न्यायालयाच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात. आठवड्याला एक निकाल घ्या; मूळ इंग्रजी आणि मराठी शेजारी ठेवून वाचा. भाषांतर खटकेल, तिथे थांबा आणि स्वतः करून पाहा. कायदाही मूळ कलमांतून वाचावा. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, आणि घरोघरची जुनी मार्गदर्शके रद्दीत गेली. कलम वाचण्याची सवय असलेल्याला नवी संहिता फारशी जड गेली नाही.

आता पैशाचे. पालक हे विचारतात आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. सनद मिळाल्यावर पहिली काही वर्षे ज्युनिअरच्या हाती फार थोडे पडते. ज्याच्या घरी वकिली नाही, त्याला हा काळ कठीण जातो. त्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणून पदवीच्या काळातच कागद वाचून स्वच्छ टिपण काढता येऊ लागले, दोन्ही भाषांत मसुदा लिहिता येऊ लागला, तर सिनिअरला अशा ज्युनिअरची गरज भासते, आणि भाषांतराची कामे बाहेरूनही मिळतात.

आणखी एक. न्यायालयाचे कामकाज सामान्यतः खुले असते. ते ऐकायला वकिलाचा कोट लागत नाही. काही प्रकरणे बंद दाराआड चालतात, ती सोडून द्या. कॉलेजला सुटी असेल आणि न्यायालय चालू असेल, अशा दिवशी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात सकाळी जा. कुठल्या दालनात पुरावा चालू आहे, ते शिपायाला विचारा. मोबाइल बंद करा, मागच्या बाकावर बसा आणि एक उलटतपासणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. साक्षीदार मराठीत काय म्हणाला आणि कागदावर काय उतरले, ते वहीत दोन रकाने करून लिहा.