किरणोत्सारी द्रव्यांपासून दुभत्या जनावरांचे संरक्षण



२६ एप्रिल १९८६ रोजी युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. किरणोत्सारी द्रव्ये वाऱ्याने दूरवर गेली आणि पावसाबरोबर कुरणांवर पडली. गवत हिरवेगार होते, गायी नेहमीसारख्या चरत होत्या. पण त्यांच्या दुधात किरणोत्सारी आयोडीन उतरले होते. ते दूध प्यालेल्या अनेक मुलांना पुढे थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. जनावर धडधाकट दिसले म्हणजे दूध निर्धोक, असे समजू नये, हा त्यातला धडा.

या आयोडीनचा जोर दर ८ दिवसांनी निम्मा होतो. किरणोत्सारी सीझियमला मात्र त्यासाठी सुमारे ३० वर्षे लागतात. ते चाऱ्यातून रक्तात, दुधात व मांसात जाते. त्यावर प्रशियन ब्ल्यू हे निळे रंगद्रव्य उपयोगी ठरले. ते जनावराच्या पोटात सीझियमला धरून ठेवते व शेणावाटे बाहेर काढते. गायीला खुराकातून रोज सुमारे ३ ग्रॅम दिल्यास दुधातील सीझियम ९० टक्क्यांपर्यंत घटू शकते. नॉर्वेत डोंगरावर मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्यांना ते चाटण विटांतून, तसेच पोटात कित्येक आठवडे हळूहळू झिजणाऱ्या गोळ्यांतून देण्यात आले.

मात्र हे द्रव्य बाहेरून येणारे किरण अडवत नाही आणि आयोडीनवरही चालत नाही. म्हणून ते आपल्या मनाने देऊ नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

आपल्याकडे तारापूरला १९६९ पासून अणुवीजनिर्मिती सुरू झाली. अशी वेळ कधी येऊ नये, पण माहिती असलेली बरी. शासनाची सूचना मिळताच पुढील कामे करावीत :

१) जनावरे चरायला न सोडता गोठ्यात बांधावीत.

२) कडब्याची गंजी ताडपत्रीने झाकावी. विहीर व पाण्याची टाकीही झाकावी.

३) आधी साठवलेला, झाकलेला चाराच घालावा.

४) धारा काढणे थांबवू नये, नाहीतर कासदाह होतो. पण तपासणी होईपर्यंत ते दूध मुलांना देऊ नये, डेअरीलाही घालू नये.

५) शेण वेगळे साठवावे व विचारल्याशिवाय शेतात टाकू नये.

औषध नंतर मिळेल, पण पहिल्या दिवशी दूध वाचवतो तो स्वच्छ चाराच. तेव्हा दोन-तीन आठवडे पुरेल एवढा चारा नेहमी झाकून ठेवा. पावसाळ्यात आणि टंचाईतही तो कामाला येईल.