मात्रेचा हिशेब

आमच्या अक्काला आमवात आहे. सकाळी उठलं की तासभर तिच्या हाताची बोटं मिटत नाहीत. भाकरी थापणं तर दूरच, लुगड्याची गाठसुद्धा मारता येत नसे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला एक बारीक गोळी दिली. आठवड्यातून एकदाच, फक्त सोमवारी घ्यावयाची. चिठ्ठीवर तसे स्वच्छ लिहिले होते. पण औषध बांधून देणाऱ्याने हाताच्या सवयीने पाकिटावर लिहिले, 'रोज एक'. अक्काने चिठ्ठी डब्यात ठेवली आणि पाकीट वाचले.

सहाव्या दिवशी तिचे तोंड आतून सोलून निघाले. पाण्याचा घोट गिळवेना. आम्ही तिला रातोरात इस्पितळात नेले. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी उतरलेल्या. डॉक्टरांनी उताऱ्याची इंजेक्शने दिली, आठ दिवस ठेवून घेतले, आणि अक्का वाचली. आता गंमत ऐका. आज अक्का जी भाकरी थापते ती त्याच गोळीच्या बळावर. गोळी बदलली नाही. बदलली ती मात्रा.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवितो. मोजणे हाच आमचा धंदा. तरी मात्रा या शब्दाचे वजन मला घरातल्या त्या रात्री कळले. म्हणून आज मी आपल्याशी बोलणार आहे ते मात्रेविषयी, आणि मात्रा लिहून ठेवण्याविषयी.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. सांधे दुखतात म्हणजे सगळ्यांचे दुखणे एक नव्हे. वय झाले, ओझी वाहिली, गुडघा झिजला, तर तो झिजेचा संधिवात. दुसरा प्रकार दाहाचा. यात शरीराची संरक्षक फौज आपल्याच सांध्यांवर उलटते. सांधा सुजतो, गरम होतो, आणि सकाळचा ताठरपणा लवकर जात नाही. आमवात यातलाच. तरुण माणसाचा कणा ताठ करणारा एक संधिवातही यातलाच. त्याला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. उपचार झाला नाही तर कण्याचे मणके हळूहळू एकमेकांना जुळतात आणि पाठ कळकाच्या काठीसारखी होते. ही दुखणी शहरातलीच, असेही समजू नका. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. शेकडा अठराच्या आसपास माणसांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे काही ना काही दुखणे निघाले. त्यांत दाहाचा संधिवात असलेले थोडे, पण होते.

आता मी आपल्याला इंग्लंडात नेतो. १९३५ ते १९५४ या काळात तेथे कणा ताठ झालेल्या हजारो रुग्णांच्या पाठीवर क्ष-किरण सोडण्यात आले. त्या वेळी डॉक्टरांच्या हाती दुसरे फारसे काही नव्हते आणि या उपचाराने वेदना खरोखर कमी होत. वाकता न येणारा माणूस कामावर परत जाई. त्याला उपचार वाईट कसा म्हणता येईल?

पण काही जणांना पुढे रक्ताचा कर्करोग झाल्याचे दिसू लागले. हा योगायोग की किरणांचा परिणाम? १९५४ साली पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बचा स्फोट झाल्यावर किरणोत्साराची भीती जगभर पसरली होती. तेव्हा ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने कोर्ट ब्राऊन आणि रिचर्ड डॉल या दोन डॉक्टरांकडे हा प्रश्न सोपविला. त्यांनी प्रयोगशाळेत उंदीर पाळले नाहीत. ते इस्पितळांच्या दप्तरखान्यांत गेले. तेरा हजारांहून अधिक रुग्णांचे कागद काढले. कोणाला, कोणत्या साली, पाठीच्या कोणत्या भागावर, किती किरण दिले, हे त्यांत लिहिलेले होते. मग त्यांपैकी कोण जिवंत आहे, कोण वारले आणि कशाने वारले, ते शोधले. १९५७ साली त्यांचा अहवाल निघाला. ज्यांना मात्रा जास्त, त्यांच्यात रक्ताचा कर्करोग जास्त, असे त्यात आढळले.

येथे आपण विचाराल, आत गेलेली मात्रा मोजली कशी? शेतकऱ्याला हे समजावून सांगणे सोपे आहे. पाटाला किती पाणी सुटले हे एक माप, आणि शेवटच्या वाफ्यातल्या रोपाच्या मुळाशी किती मुरले हे दुसरे. दोन्ही सारखी नसतात. यंत्रातून निघालेले किरण मोजण्यासाठी हवेने भरलेली एक छोटी कुपी वापरतात. किरण आत शिरले की हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो, आणि प्रवाह मोजला की किरण मोजले. या मापाला रोंटगेन असे नाव होते. हे झाले पाटाचे पाणी. पण रक्त तयार होते ते हाडांतल्या मगजात. कातडी, मांस, हाड ओलांडून त्या मगजात किती मुरले? त्याचे माप वेगळे. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा मुरली तर ती एक ग्रे. लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे नाव या मापाला १९७५ साली मिळाले.

जिवंत माणसाच्या मगजात कुपी ठेवता येत नाही. म्हणून ही मात्रा अंदाजावी लागते. त्या रुग्णांच्या मगजाची सरासरी मात्रा आधी तीन ग्रेच्या थोडी वर काढली होती. १९८८ साली निवडक रुग्णांचे जुने कागद पुन्हा उघडले, संगणकावर गणिताचा माणूस उभा केला, आणि त्याच्या शरीरात किरण कसे पसरतील याचा हिशेब मांडला. तेव्हा आकडा चारच्या वर गेला. तीस-चाळीस वर्षांनीही हिशेब सुधारता आला, कारण कोणा कारकुनाने, कोणा परिचारिकेने त्या दिवशीचा आकडा नीट लिहून ठेवला होता.

रुग्णांचा पाठपुरावाही थांबला नव्हता. किरणांचा एकच क्रम घेतलेल्या १४,१११ रुग्णांचा वृत्तान्त १९८२ साली प्रसिद्ध झाला. रक्ताच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेच्या जवळजवळ पाचपट होते. हा धोका उपचारानंतर तीन ते पाच वर्षांनी सर्वांत जास्त असून पुढे उतरत गेला. ज्या अवयवांवर किरण अधिक पडले तेथील इतर कर्करोगही दीडपटीहून अधिक. पण मग हा दोष रोगाचाच नसेल कशावरून? म्हणून याच रोगाच्या, पण किरण न घेतलेल्या रुग्णांचीही पाहणी केली. १९७७ साली तिचे उत्तर आले. त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाची अशी वाढ नव्हती.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. पाचपट म्हणजे मुळातल्या फार लहान संख्येची पाचपट. त्या हजारो रुग्णांपैकी बहुतेकांना हा रोग झाला नाही. तरीपण गुण आठवड्यात दिसतो आणि दोष पाच वर्षांनी, तेव्हा निव्वळ अनुभवावर भरवसा ठेवून चालत नाही. अनुभव सांगतो, 'मला बरं वाटलं.' बरं वाटलेला माणूस पुढे काय झाला, हे वहीच सांगते.

कॉर्टिझोनचेही तसेच झाले. १९४८ साली अमेरिकेत डॉक्टर फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला ते टोचले आणि खाटेवरची माणसे काही दिवसांत चालू लागली. १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे मोठ्या मात्रेचे दोष कळले: चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे. वैद्याच्या देखरेखीखाली, मोजून दिले तर ते आजही उपयोगी आहे. पण नाव नसलेल्या पुडीने तुमचे गुडघे दोन दिवसांत मोकळे झाले, तर आनंदाबरोबर थोडी शंकाही येऊ द्या. त्या पुडीत हेच औषध असू शकते, आणि किती आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अक्काची गोळी मेथोट्रेक्सेट. आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने १९४०च्या दशकात फॉलिक आम्लाला अडविणारी जी औषधे तयार केली, त्यांच्यापैकी हे एक. मोठ्या मात्रेत ते कर्करोगावर देतात. अगदी लहान मात्रेत, आठवड्यातून एकदा, आमवातावर. १९८८ साली अमेरिकेत आमवातासाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली. आठवड्याचा वार चुकला तर काय होते, ते मी आरंभी सांगितलेच.

मग क्ष-किरणांना घाबरायचे का? मुळीच नाही. छातीच्या एका फोटोची मात्रा एका ग्रेच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. जमीन, हवा, आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाकाठी याच्या वीसेक पट किरण आपोआप मिळतात. त्या रुग्णांच्या मगजाला मिळाली ती मात्रा फोटोच्या हजारो पट. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेला फोटो अवश्य काढा. मात्र जुना फोटो हरवला म्हणून पुन्हा पुन्हा काढायला लावू नका. क्ष-किरणांच्या खोलीत काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो, तो कधी पाहिलात का? त्याला मिळालेली मात्रा त्या बिल्ल्यात साठते, ठराविक मुदतीने मोजली जाते आणि त्याच्या नावावर लिहिली जाते. त्याची वही सरकारी नियमाने राहते. आपली आपण ठेवावयाची.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना एक काम द्या. घरातल्या आजारी माणसाच्या औषधाचे नाव, किती, कोणत्या वेळी, कोणत्या वारी, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून एका वहीत लिहून काढा म्हणावे. पाकीट आणि चिठ्ठी जुळत नसेल, तर गोळी तोंडात टाकण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा म्हणावे. जुने फोटो आणि कागद एका पिशवीत घालून खुंटीला टांगा म्हणावे.

आमच्या घरी कॅलेंडरावर आता प्रत्येक सोमवारभोवती लाल पेन्सिलीचे वर्तुळ असते. गोळी घेतली की अक्का त्यावर स्वतःच्या हाताने फुली मारते. त्या हाताला आता पेन्सिल धरता येते.